झाला की नाही सरळ

पेन्सिल जेमतेम बोटभर उरलेली. मागच्या टोकाशी भोक पाडून त्यातून नायलॉनची दोरी ओवलेली, आणि दोरीचं दुसरं टोक पाटीला बांधलेलं — पाटी म्हणजे पांढरं जाड प्लास्टिक, वहीच्या अर्ध्या पानाएवढं, पाण्याखाली लिहिण्यासाठी. आधीच्या कुणाचं तरी लिहिणं तिच्यावरून नीट पुसलं गेलं नव्हतं. 'कासव', मग एक बाण, मग 'केवढं मोठ' — तिथं बहुधा कासव निघून गेलं असावं. तिनं अंगठा थुंकीनं ओला करून घासून पाहिलं. कासव गेलं, केवढं राहिलं. राहू दे. आपल्याला काय कादंबरी लिहायचीय... एक शब्द लिहायचा, उलटा किंवा सरळ. आणि तो कुठला असणार हे तर ठरलेलंच आहे, नुसतं डोळ्यांनी बघून शिक्का मारायचा. तेवढ्या एका शब्दासाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी रबरी पोशाखात अंग कोंबून, विमान, बस आणि आता ही खालीवर होणारी होडी, असा दोन दिवसांचा प्रवास करणारी बाई जगात दुसरी नसेल, आणि नसली तर नसू दे.

"काकू, उलटीची गोळी घेतलीत ना?"

विचारणारी तिची शिक्षिका, म्हणजे तिला पाण्याखाली घेऊन जाणारी मुलगी — तिशीची, उन्हानं नाकाची सालं निघालेली, दिवसभर ओल्या कपड्यांत वावरणारी. पहिल्या दिवशी ते 'काकू' तिला खटकलं होतं, ताई म्हणाली असती तर काय जीभ झडली असती. पण मग त्याच मुलीनं पहिल्या बुडीच्या वेळी तिचा पट्टा आवळता आवळता सांगितलं, "घाबरलात तर मला सांगायचं, समुद्राला कळू द्यायचं नाही," आणि काकू तर काकू, माणूस कामाचं आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"मला बोट लागत नाही," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. मग कठडा धरतात."

तिनं गोळी घेतली. उलटी या शब्दाशी तिचं तसं जुनंच नातं. आई म्हणायची, जन्मलीस तीच उलटी. पायांकडून आलेली, पायाळू. सुईण म्हणे दोन दिवस आईच्या पोटावर तेलाचे हात फिरवून फिरवून हिला सरळ करायला बघत होती, आणि ही काही वळली नाही. शेवटी आली ती पाय पुढे करून, चालत आल्यासारखी. आठ वर्षांनी मोठा दादा दाराबाहेर बसून होता, त्यानं पहिले तिचे पायच ऐकले म्हणे — म्हणजे सुईण ओरडली ते, "पाय आले" — आणि तेव्हापासून तो तिला पायाळू म्हणतो. अजूनही म्हणतो. घरून निघतानासुद्धा, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग तसंच लावलेलं, ते काढायचं राहूनच गेलेलं...

"बघून ये, पायाळू. आणि जे दिसेल ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"मी कशाला तुला बरं वाटायला काही सांगेन?" ती म्हणाली होती. "मी सांगते ते खरं असतं म्हणून तुला वाईट वाटतं."

तो हसला होता. पण बोलला तो सव्वीस वर्षांनी बोलला. दुकानातल्या त्या माशाबद्दल सव्वीस वर्षांत दोघांमध्ये एक अक्षर निघालं नव्हतं — एका घरात, तो वर, ती खाली, रोज दोन वेळा एका टेबलाशी जेवून. मीठ कमी पडल्यापासून शेजाऱ्यांच्या घटस्फोटापर्यंत सगळं बोलायचं, तेवढं सोडून. गळ्यात अडकलेलं हाडूक, सवय झाली की माणूस त्याच्या बाजूनं गिळायला शिकतो.

होडीनं वेग धरला. पाणी वर उडून चष्म्यावर आलं आणि त्याला दुकानातला वास होता... नाही, दुकानाला याचा वास होता, आपण उलट बोलतोय, ती स्वतःशीच म्हणाली. बत्तीस वर्षं बादलीत मीठ कालवून बनवलेल्या समुद्रात हात घातले, तेव्हा नाकाला तेच खरं वाटायला लागलं तर नाकाचा काय दोष.

दुकान दोघांनी मिळून काढलेलं. खाऱ्या पाण्यातले मासे, काचेच्या टाक्या, दिवे, दगड. गावात तेव्हा दुसरं कुणाचं नव्हतं. काम वाटून घ्यायची गरजच पडली नाही. तिचा स्वभाव एक घाव दोन तुकडे, आणि दादा म्हणजे कायमचं भिजत घोंगडं. ती पाणी तपासायची, औषधं द्यायची, गिऱ्हाइकांना सुनवायची. दादा टाक्यांत दगड लावायचा आणि मग आपण लावलेल्या दगडांसमोर स्टुलावर बसून राहायचा, तासन् तास, गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी पत्ता नाही. "काय बघतोस?" विचारलं की म्हणायचा, "ते काय करतायत ते." जसं काही ते त्याला हिशेब देणार होते.

जांभळ्या, म्हणजे तो मासा, चुकून आला. खोक्यात दहा पिशव्या मागवलेल्या, अकरावी निघाली. पाठवणाऱ्याला विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं कुठल्या जाळ्यात आला. बोटाएवढा, सगळा जांभळा, आणि कपाळापासून पाठीवरून शेपटीपर्यंत एक पिवळी रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी. चार पुस्तकं उलथीपालथी केल्यावर एकात दोन ओळी सापडल्या: खोल कड्यांवर राहतो, दोन-तीन ठिकाणीच, फार कमी लोकांनी पाहिलाय. आणि तो आपल्या टाकीत. दादानं त्या रात्री दुकान बंदच करू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तीन दगड रचून त्याला गुहा करून दिली, वर एक चपटा दगड, छपरासारखा, आणि जांभळ्या तिथं गेला आणि — उलटा झाला. पोट दगडाला, पिवळी रेघ खाली. तसाच पोहायचा. तसाच खायचा.

त्यात विचार करण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकतात ते हेच: मासा उलटा झाला की त्याचं आतलं काहीतरी बिघडलं. दुकानाच्या भिंतीवर तिनं स्वतः रंगवून फळी लावली होती, पहिलीच ओळ — 'मासा उलटा दिसला तर लगेच घेऊन या.' बाहेर ती फळी, आणि आत आपलाच मासा उलटा? दादा म्हणाला, "राहू दे गं. त्याला तसंच आवडत असेल." आवडत असेल. माशाला. तिनं चार दिवस ऐकून घेतलं, तेही दादा म्हणून. पाचव्या दिवशी, तो जेवायला वर गेल्यावर, तिनं जाळी घातली, जांभळ्याला काढला आणि दवाखान्याच्या टाकीत सोडला — मागच्या खोलीतली ती टाकी, आजारी माशांसाठी, चारी बाजू स्वच्छ काच, ना वाळू ना दगड, म्हणजे औषध कुठं शोषलं जात नाही आणि मासा कुठूनही नीट दिसतो — आणि तांब्याचं औषध मोजून, थेंबाथेंबानं, घड्याळ लावून दिलं. तिच्या हाताला कधी थेंब जास्त झाला नाही, आजही होत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळ्या सरळ होता.

हे महत्त्वाचं. हे सव्वीस वर्षांत तिनं एक दिवस विसरलेलं नाही, आणि कोणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. पिवळी रेघ वर, पोट खाली, टाकीच्या तळापासून चार बोटांवर, अगदी शहाण्यासारखा. तिनं दादाला हाक मारून आणलं होतं. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती, तीही मागे आली. "बघ," ती म्हणाली होती, "झाला की नाही सरळ?" दादा बराच वेळ बघत राहिला. मग त्याचं ते काहीतरीच, नेहमीसारखं: "इथं त्याला डोक्यावर काहीच नाहीये गं." आणि ती — तिची जीभ तेव्हा आजच्याहून चपळ — म्हणाली होती, "काय हवंय? पंखा लावू?" गिऱ्हाइकं हसली. ती पण हसली. दादा...

चौथ्या दिवशी जांभळ्या मेला. सरळ मेला. आजार आधीच आत गेला होता, उशीर झाला होता, औषध लागू पडलं होतं पण वेळेवर मिळालं नव्हतं. आणि वेळेवर का मिळालं नव्हतं, तर दादाच्या 'राहू दे'मुळे — हेही ती म्हणाली होती, एकदाच, पण म्हणाली होती.  संध्याकाळी दादानं आपल्या जुडग्यातून दुकानाची किल्ली काढली, काउंटरवर ठेवली आणि वर गेला. पुढच्या महिन्यापासून तो घड्याळं दुरुस्त करायला लागला. वरच्या खोलीत टेबलावर, भिंतीवर, कपाटावर घड्याळं, आणि एकाची वेळ दुसऱ्याला जुळेल तर शपथ. ती वर गेली की येताना हाताला लागतील तेवढी जुळवून येते.

"काकू, ऐकताय ना?" शिक्षिका सांगत होती. "सव्वीस मीटर. त्याच्या खाली एक वीतही नाही. खाली आपल्याला पंधरा मिनिटं मिळतील. मी 'चला' केलं की चला, मासा कितीही गोड असला तरी. आणि कृपा करून अंगठा दाखवू नका."

होडीवाला सुकाणूवरून हसला, कारण ही गोष्ट आठवडाभरात किनाऱ्यावर पसरली होती. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली 'मला वर न्या'. आणि तिनं पहिल्या दोन बुड्यांत रंगीत पोवळी बघून खुशीत येऊन 'झकास' म्हणून अंगठा वर केला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा शिक्षिकेनं तिला इमानदारीनं वर आणलं होतं. दुसऱ्या वेळी ती चिडून म्हणाली होती, "आमच्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे नाही म्हणणं, तुमच्यात वर जाणं, मग मला आवडलं तर दाखवू काय?" तेव्हापासून ती बोटांचं वर्तुळ करते.

तशी ती शिकायला ढ नव्हती. सत्तावन्नाव्या वर्षी तलावात पोहायला गेली तेव्हा तिथली पोरं हसत होती, तीन महिन्यांत हसायची थांबली. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा सही दिली. हे सगळं कशावरून, तर एका दातांच्या डॉक्टरवरून. त्याच्या दवाखान्यातल्या टाकीचं पाणी तपासायला ती दर पंधरवड्याला जाते, तो सुट्टीत पाण्यात उतरून आलेला, फोटो दाखवत होता, आणि जाता जाता म्हणाला, "तो तुम्ही एकदा सांगितलेला जांभळा मासा, पिवळ्या रेघेचा — तो एकदा लांबून दिसला बुवा. उलटा होता पण." ती नळीकडे बघत म्हणाली, "आजारी असेल." डॉक्टर म्हणाला, "असेल." विषय संपला. ती बाहेर आली, दोन गल्ल्या चालली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तपासणीची पेटी तिथंच राहिलीय. बत्तीस वर्षांत ती पेटी कुठं विसरली नव्हती.

एक आजारी मासा समुद्रातही असू शकतो. एका शितावरून भाताची परीक्षा होते, माशाची नाही. तेव्हा जायचं, बघायचं, आणि काय ते एकदा... हातच्या काकणाला आरसा कशाला. दादाला तिनं जेवताना सांगितलं. त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला, परत उचलला, आणि "कधी?" एवढंच विचारलं.

होडी थांबली. मग मोजूनमापून सगळं: पाठीवर टाकी, कमरेला शिसं, तोंडात रबर, मुखवट्यात थुंकून धुणं. पाठीवर टाकी घेऊन माशांकडे निघालेली टाकीवाली बाई. हा विनोद तिनं दादासाठी राखून ठेवला. मग एक पाऊल पुढे, हवेत — आणि पाणी.

दोर धरून खाली. दर हातभर उतरलं की नाक चिमटीत धरून कानांत हवा फुंकायची. डावा कान आठ मीटरवर अडला, तो रोजच अडतो. ती दोन हात वर आली, मान वाकडी केली, फुंकलं, आत कुठंतरी 'चिक्' झालं आणि वाट मोकळी झाली. भीती? भीती वाटायला इथं अनोळखी काय होतं! पाण्याचं तापमान तिनं अंगानंच सांगितलं असतं, खारटपणा जिभेनं. दहा मीटरच्या खाली शिक्षिकेचे लाल हातमोजे तपकिरी झाले, मग काळपट. रंग एकेक करून वरच राहिले. दुकानात आपण महागडे दिवे लावून हे रंग दाखवतो आणि यांना बिचाऱ्यांना ते स्वतःला कधी दिसतही नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि तिला जरा हसू आलं, त्याबरोबर मुखवट्यात पाणी शिरलं, ते तिनं नाकानं फुंकून काढलं, शिकवल्यासारखं.

आणि मग कडा. सरळ खाली गेलेली भिंत, जाळीदार पंख्यांची, स्पंजांची, फटींची. शिक्षिकेनं हातातला दिवा लावला, प्रकाशाचा गोळा भिंतीवरून सरकत गेला, थांबला. भिंतीपासून हातभर बाहेर, मोकळ्या पाण्यात, बोटाएवढा — दिव्यात एकदम जांभळा.

पिवळी रेघ वर होती.

वर. स्वच्छ. सरळ. छातीत असं काही झालं की श्वासाची लय चुकली आणि बुडबुडे भसाभस निघाले. म्हातारे, जिंकलीस... मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगते, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तिनं मनगटावरची पाटी ओढली, पेन्सिल पकडली, आणि त्या न पुसलेल्या 'केवढं'च्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं — 'सरळ'. खाली रेघ मारली. पुन्हा एक मारली. शिक्षिकेच्या डोळ्यांपुढे पाटी धरली. शिक्षिकेनं वाचलं, वर्तुळ केलं; आणि मग, उजव्या हाताचं बोट दोनदा आपल्याकडे वाकवलं. इकडे या.

दोन मीटर पलीकडे कड्याला एक छज्जा होता, माणूस आडवा मावेल एवढा पुढे आलेला. शिक्षिकेनं दिवा त्याच्या खाली धरला.

चाळीस असतील. जास्तच. सगळे उलटे. पोटं छज्ज्याच्या दगडाला, पिवळ्या रेघा खाली, एकही अपवाद नाही. कोणी दगडावरचं काही टिपतंय, कोणी दुसऱ्याला हुसकून जागा घेतंय, दोन लहान एकमेकांमागे लागलेत, आणि कोणाच्याच हालचालीत आजारपणाचं काही नव्हतं. आजारी मासा तिला शंभर हातांवरून कळतो. हे ठणठणीत होते. घरात होते.

आणि तेवढ्यात तो पहिला, बाहेरचा, सरळ — जो तिनं पाटीवर लिहून टाकला होता — सावकाश आत आला, आणि छज्ज्याच्या काठाशी येताच कूस बदलावी तसा वळला. उलटा झाला. ठेंगण्या दाराशी माणूस मान लववतो, तितकंच. पाच-सात क्षणांनी बाहेर गेला: सरळ. परत आत: उलटा. तिनं चार वेळा पाहिलं. डोक्यावर दगड असला की पोट दगडाला. दगड नसला की... नसला की तळाकडे. एवढंच त्याचं शास्त्र. वर काय आणि खाली काय हे त्याला ठाऊकच नव्हतं, आपल्याला पाठ कुठं टेकता येते तेवढं ठाऊक होतं... पाठ नव्हे, पोट. चुकतेय मी.

डोक्यावर काही असलं की.

दवाखान्याच्या टाकीत दगड नव्हता.

तिचा श्वास थांबला होता. पाण्याखाली श्वास धरायचा नसतो, हा पहिला नियम. शिक्षिकेनं तिच्या दंडावर दोनदा थोपटलं, आणि तिनं सोडला. बुडबुडे वर गेले, छज्ज्याच्या खाली साठले, चकचकीत, आणि दोन-तीन जांभळे त्यांना वाट देत बाजूला सरकले. सव्वीस वर्षं जो पुरावा तिनं जपून ठेवला होता — सरळ झाला होता ना, दुसऱ्या दिवशी, दोन गिऱ्हाइकं साक्षीला — तो पुरावाच होता, फक्त दुसऱ्याच गोष्टीचा. तो बरा झाला नव्हता. तो कधी आजारीच नव्हता. आपण त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढलं, आणि तो सरळ झाला, आणि आपण म्हणालो, बघ. मग त्याच टाकीत, जिथं लपायला काही नव्हतं, रोज वेळेवर, मोजून, थेंबही जास्त न होऊ देता, धडधाकट माशाला तांबं...

तिनं पाटी पुसली नाही. 'सरळ'च्या खाली एक जाड आडवी रेघ मारली, म्हणजे छज्जा, आणि तिच्या खाली मासा काढला, पोट वर, पाठीवरची रेघ खाली. हात थरथरला नाही. हे तिला नंतरही आठवत राहिलं, की हात थरथरला नाही, चित्र चांगलं आलं; खरं बोलताना तिचा हात कधीच कापत नाही, आणि खोटंही तिनं खरं समजूनच केलं होतं, म्हणून तेव्हाही कापला नव्हता.

शिक्षिकेनं 'चला' केलं. तिनं मागे वळून पाहिलं. तो आत होता की बाहेर, आता ओळखू येत नव्हतं.

वर जाताना पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं नुसतं लटकायचं असतं, अंगात मुरलेली हवा सावकाश निघून जावी म्हणून. काही करायचं नाही, काही बघायचं नाही. तीन मिनिटं काहीच न करण्याची तिला सवय नव्हती. दुकानात ती दोन मिनिटं रिकामी असली की एखादी काच पुसते. डोक्यावर पाण्याचं अंग हलत होतं, त्याच्यावर होडीचं काळं पोट. आणि तिथं लटकताना तिला दादाचा चेहरा आठवला — गिऱ्हाइकं हसली तेव्हाचा. तो चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. तेव्हा ती गिऱ्हाइकांकडे बघत होती. पण डोळे काय काय उचलून ठेवतात... तो काचेकडे बघत होता. त्यानं ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच, मासा जिवंत असताना, आणखी दोन दिवस हातात असताना, त्यानं ओळखलं होतं, सांगितलंही होतं, त्याच्या पद्धतीनं, हळू, एकदाच. आणि आपण पंखा लावून दिला.

दुसऱ्यांदा का नाही बोललास? तिला राग आला, खराखुरा, आणि बरं वाटलं. मग तो रागही टिकला नाही. पालथ्या घड्यावर किती वेळा पाणी ओतायचं माणसानं.

होडीवाल्यानं तिला दोन्ही काखांत धरून वर घेतलं, पाठीवरची टाकी काढली, पाटी तिच्या मनगटावरून सोडवली. बघितली. "बाई, मासा उलटा काढलाय तुम्ही," तो म्हणाला, आणि समजूतदारपणे पाटी फिरवून धरली. मासा सरळ झाला. "हं. आता अक्षरं उलटी झाली."

"असू देत," ती म्हणाली. "पुसू नका मात्र."

शिक्षिकेनं तिच्या खांद्यावर पंचा टाकला. "जमलं ना काकू? बघायचं होतं ते बघितलं?"

"बघितलं."

"मग असा चेहरा का?"

"कानात पाणी गेलंय," ती म्हणाली, आणि मग, दादाची अट आठवून, "नाही. कान ठीक आहे. चेहराच असा आहे."

मुलगी हसली आणि टाक्या बांधायला गेली. फोनला रेंज यायला अजून अर्धा तास होता. अर्ध्या तासात वाक्य तयार होईल. तिची वाक्यं नेहमी तयार असतात. 'दादा, तुझं बरोबर होतं.' हे सोपं, आणि म्हणूनच खोटं. त्यावर तो 'हं' म्हणेल आणि भिंग डोळ्याला लावेल. 'दादा, तो सरळच होता.' हे तर दोन्हीकडून वाचता येतं, चतुर आहे, तिला शोभेल, आणि तिला त्याची किळस आली. 'मी मारला त्याला.' खरं. पण त्यात मीच आहे सगळी, मोठी, मध्यभागी... कासव, केवढं मोठं. माशाबद्दल बोलायचंच नव्हतं मुळात. मासा तर चार दिवसांत मेला. किल्ली काउंटरवर ठेवताना खडखडली होती, ते सव्वीस वर्षं चाललंय. आणि ती भिंतीवरची फळी, तिची पहिली ओळ... किती जणांनी किती मासे आणले असतील, आणि त्यातले किती आपण सरळ करून परत दिले. ती मोजायला लागली आणि थांबली. ते मोजायला दिवस आहेत. ते तिनं टाळलं नाही, फक्त बाजूला ठेवलं, उद्यासाठी.

किनारा दिसू लागला होता. ओलं रबर अंगावर गार पडलं. एक गोष्ट मात्र विचित्र होती, आणि ती तिनं दोनदा तपासून पाहिली, पाणी तपासते तशी: तिला हरल्यासारखं वाटत नव्हतं. लाज वाटत होती, चांगलीच. पण त्याच्या खाली काहीतरी घट्ट होतं, टेकायला. मी गेले, मी पाहिलं, सव्वीस मीटर खाली जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी. कुणी सांगितलं म्हणून नाही मानलं. आणि जे दिसलं ते सांगणार आहे.

फोनवर एक रेघ आली, गेली, मग दोन आल्या. वाक्य तयार नव्हतं. तिनं नंबर लावला.

"हं," दादा म्हणाला. इतक्या लवकर उचलला की फोन हातातच असणार. 

"दादा," ती म्हणाली, "पंखा नको होता त्याला."

 होडीवाल्यानं इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत तिला फोनमधून वरच्या खोलीतली घड्याळं ऐकू आली, दहा-बारा तरी, एकाचं दुसऱ्याशी न जुळणारी. दादा श्वास घेत होता. तिनं फोन कानाशी धरून ठेवला. तिला कसलीही घाई नव्हती.